शंभरात फक्त तोंडं

१२ ऑक्टोबर १९८१

वही कॉलेजची आहे. पुढच्या पानांवर अकाउंटन्सी होती, ती फाडली. पनवेलच्या कॉलेजात सर म्हणाले होते, वर्गाबाहेर जा. मी गेलो तो थेट गावालाच आलो. त्याला आता दोन महिने होतील. कोणी विचारलं तर बाबा अजून सांगतात, "सुट्टीला आलाय." विचारणारा पण मान हलवतो.

आज मारुतीच्या देवळात नाटकाची बैठक झाली. साजगावची जत्रा सुरू झाली की त्या दिवसांत आमच्या गावचं नाटक होतं. कामं वर्गणीवर मिळतात. जो जास्त देईल तो सरदार, त्याखालचा प्रधान, आणि काहीच न देणारा भालदार. दुसऱ्या टर्मची फी माझ्याकडेच राहिली होती. मी सरदार झालो.

बाबांना हे माहीत नाही.

मैना दरवर्षी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसते. तिथून सरदार समोरच दिसतो, म्हणून हा खर्च. मैना म्हणजे पोलीसपाटील गोमाकाकांची मुलगी, समोरच्या आळीतली. भावकी नाही, मी नीट चौकशी केली आहे. आजवर आमचं बोलणं तीनदा झालं. त्यातलं एकदा ती म्हणाली, "बाजूला व्हा, म्हस येतेय." पण म्हणण्यात काळजी होती.

मी शहर बघितलेला म्हणून मेकअपवाला ठरवायचं काम पण माझ्याच गळ्यात पडलं.

१८ ऑक्टोबर

हाळला जाऊन आलो. तिथे शकूरचाचा राहतो. मुंबईत नाटक कंपन्यांत तोंडं रंगवण्यात जन्म गेला. आता हात थरथरतो म्हणून घरी आलाय, पण ब्रश धरला की थरथरत नाही असं तो स्वतःच सांगतो. स्वतःबद्दल बरंच सांगतो. कोणाकोणाला देखणं केलं त्याची नावं घेत होता. मी ऐकून घेतली. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत.

"किती तोंडं?" त्याने विचारलं.

"अकरा."

"बाया?"

"बाया नाहीत. पोशा बाई होतोय."

"मंग ते दीड तोंड धर. बाप्याची बाई करायला येळ लागतो." मग त्याने बोटं मोडत हिशेब सांगितला. "दीडशे. भाडं येगळं. जेवान. तुमच्यात कापलेली कोंबडी मला नको, जत्रेतले बोंबील चालतील. आनि फाट्यापासून गावात पेटी न्यायचे दोन रुपये."

माझं डोकं फिरलं. "पावडर फासायचे दीडशे?"

"पावडर तुझी आई पन फाशील. फुकट."

मी उठून बाहेर आलो, चपला घातल्या. मग आठवलं की दुसरा मेकअपवाला एकदम पेणला आहे. चपला काढून परत आत गेलो. चाचा तिथेच बसला होता, जणू मी पाणी प्यायला गेलो होतो.

"शंभर," मी म्हणालो. "आणि पेटीचे पैसे कसले? आमचा माणूस येईल फाट्यावर."

त्याने तंबाखू मळली, दाढेत ठेवली. "शंभरात फक्त तोंडं व्हतील हां."

"तोंडंच तर करायची आहेत! दुसरं काय करायचंय?"

"बरं तर. जमलं."

पन्नास वाचवले. कॉमर्स अगदीच फुकट गेलं नाही.

२५ नोव्हेंबर

नाटक काल झालं. लिहायचं नव्हतं, पण झोपून बघितलं, झोप येत नाही.

देवळाला लागून घर आमचंच, त्यामुळे रंगपट आमच्या ओटीवर होता. चाचा संध्याकाळी घामाघूम होऊन आला. पेटी डोक्यावर. फाट्यावर माणूस पाठवायचं मी विसरलो होतो. खरं सांगायचं तर त्याच वेळी मैना विहिरीवर होती. त्याने पेटी ठेवली, मान इकडून तिकडे वळवून बघितली, बोंबील-भाकर खाल्ली आणि कामाला लागला.

तोंडं फार सुंदर केली. पोशाला बघून पोशाचीच बायको लाजली. मी आरशात बघितलं तर सरदारच. गोरा, लालसर गाल, भुवया अशा की नुसत्या उचलल्या तरी दरारा वाटावा.

पडदा वर गेला. ट्यूबलाइट लागल्या. मी पहिलं वाक्य म्हणालो आणि लोक हसले. वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, फितुरीबद्दल होतं. मग पाठीमागून गावातला नागू ओरडला, "नामा, मुंडकं कोनाचं लावून आलास रं?"

तेव्हा मी पोशाकडे बघितलं. तोंड पांढरं, मान काळी. हात काळे. अकराच्या अकरा जणांचं तसंच. भातकापणी करून आलेल्या अंगावर गोरी मुंडकी ठेवली होती. लोक पोट धरून हसत होते. मी खांबाकडे बघितलं. मैनाने तोंडात पदर कोंबला होता.

मी पत्र्याची तलवार उपसून नागूकडे निघालो. कोणीतरी पडदा टाकला. चांगलं केलं.

ओटीवर येऊन मी चाचाची कॉलर धरली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "शंभरात फक्त तोंडं. बोललो व्हतो का नाय? मानेला, हाताला डबल रंग लागतो. तुज्या पन्नासचा तोच रंग व्हता."

मी हात उगारला होता. हिरूताई मध्ये आली. हिरूताई माझी मोठी बहीण. तिच्या नवऱ्याने कर्जतला दुसरी ठेवली, तेव्हापासून दोन वर्षं ती आमच्याकडे आहे. गावातले लोक तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ती पण कोणाच्या दारात जात नाही. संध्याकाळपासून ती चुलीपाशी बसून चाचाचं काम बघत होती, एवढं मला दिसलं होतं.

"चाचा, उरलाय तेवढा रंग घेऊ?" तिने विचारलं.

"घे की. पन पुरायचा नाय."

तिने परातीत सफेदा, खोबरेल आणि घरातली गेरू घालून कालवलं. प्रत्येकाचा हात धरून नाही, नुसतं लांबून बघून वाट्या वेगळ्या केल्या. "ही पोशाची. ही तुजी. ही गोऱ्या तोंडाचा रंग खाली आनील." आम्ही आपापल्या माना रंगवल्या. दुसऱ्या अंकाला कोणी हसलं नाही.

चाचा चहा पीत बघत होता. जाताना आईला म्हणाला, "भाभी, या पोरीला नजर हाय. सरदाराला नाय."

पेटी त्याने परत स्वतःच उचलली. मी आतल्या खोलीत होतो.

२९ नोव्हेंबर

आज मैना घरी आली. स्वतःहून!

मी ओटीवर होतो. म्हणाली, "दुसऱ्या अंकात बरं दिसत व्हतं." मग आत हिरूताईकडे गेली आणि बराच वेळ बसली. निमित्त काय, तर परातीतला रंग कसा कालवला. मुलींना सरळ बोलता येत नाही, त्यांना काहीतरी निमित्त लागतं.

जाताना दारात परत थांबली. मी उभा राहिलो. ती म्हणाली, "ताई, उद्या येते गं."

१४ डिसेंबर

बुधीचं लग्न झालं. बुधी माझी चुलत बहीण. घरचंच कार्य, म्हणून हिरूताईला तिचं तोंड करायला मिळालं. चाचाकडून डबीभर रंग, एक ब्रश आणला होता. बदल्यात त्याला नवे तांदूळ दिले.

सकाळी बुधी छान दिसत होती. आमच्याकडे नवरीला दोन दिवस हळद लावतात. कोपरापासून कपाळापर्यंत, जाड. आंघोळ घातली तरी ती कातडीतून जात नाही. ऊन चढलं, बुधीला घाम आला आणि आतली हळद रंगातून वर आली. अक्षता पडेपर्यंत ती पिकल्या पपईसारखी झाली. नवऱ्याकडची एक बाई म्हणाली, "काविळीची हाय का काय गं पोर?"

आमच्याच मांडवातली दुसरी म्हणाली, "टाकलेलीचा हात लागल्यावर काय व्हनार."

हिरूताई दोघींच्या मधे उभी होती. ती पंगतीला बसली नाही. मी त्या बाईच्या नवऱ्याशी भांडण काढलं, त्याने काही केलं नव्हतं तरी. आईने मला ओढून नेलं.

१७ डिसेंबर

हिरूताई म्हणाली, मला हाळला ने. दोन वर्षांत ती पहिल्यांदा कुठे तरी ने म्हणाली, म्हणून नेलं.

चाचाने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "हळद! मला काय म्हाइत हळदीचं? मी हजार नवऱ्या रंगवल्या, पन एकीला हळद लागलेली नव्हती. सगळे बापे व्हते!"

"मंग इलाज काय?" हिरूताईने विचारलं.

"म्हाइत नाय. करून बघावं लागंल. तोंड पायजे. तुज्या तोंडाला मी हात लावला तर गाव मला जित्ता सोडनार नाय, आनि सोताचं तोंड सोताला रंगवून शिकता येत नाय."

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हणालो.

"रंग त्याचा मैनासारखा हाय," हिरूताई चाचाला म्हणाली. "तोच गहू, तोच सावळा."

मी कबूल झालो. परत येताना एस.टी.त मी तिला विचारलं, खरंच माझा रंग मैनासारखा आहे का? ती म्हणाली, "हो रं, सेम." मी खिडकीच्या काचेत बघत आलो.

३१ डिसेंबर

पौष लागला. लग्नं बंद. हिरूताई म्हणते, महिना हातात आहे.

तिने मला दोन दिवस हळद फासून ठेवली. पूर्ण तोंड, मान, हात. विहिरीवर नागू भेटला.

"नामा, पौषात लगीन? घाई झाली काय रं?"

"तुझ्या बापाचं काय जातं?"

"नवरी कोन?"

"योग्य वेळी कळेल," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं आणि, काय माहीत का, माझी बादली शेंदून दिली. नागूने माझ्यासाठी असं कधी केलेलं नाही.

चाचा आज आला. ओट्यावर बसला, काठीने दाखवत होता. हिरूताई माझ्या तोंडावर ब्रश फिरवत होती. तासाभराने पपई.

९ जानेवारी १९८२

मैना या आठवड्यात तीनदा आली. मी नवरीच्या मेकअपमध्ये बसलो होतो, कपाळाला बाशिंग, कानात आईच्या कुड्या. ती बघून इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली. दुसऱ्या कोणी हसलं असतं तर मी उठलो असतो. पण तिचं हसणं वेगळं असतं. मी हललो नाही. हलू नको असं हिरूताईने सांगितलं पण होतं.

मग ती गंभीर झाली. जवळ येऊन माझ्याकडे लक्ष देऊन बघत राहिली. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे आजवर कोणीच बघितलेलं नाही. तिने आपलं मनगट माझ्या गालाजवळ धरलं. बांगड्या माझ्या कानाला लागल्या.

"बग, एकच हाय का नाय?" हिरूताई म्हणाली.

"हाय गं, ताई," मैना म्हणाली. "पन अजून पिवळा वाटतो."

"अजून येळ हाय आपल्याला."

आपल्याला, असं म्हणाली. म्हणजे ताईला पण मान्य आहे.

१६ जानेवारी

हिरूताईने आज नवीनच काढलं. म्हणाली, बाबांचं पिवळं पडलेलं धोतर आपण निळीत बुडवून पांढरं करतो, मग तोंड का नाही?

चाचा म्हणाला, "येडी काय तू? तोंड हाय ते, धोतर नाय."

तिने रंगात नीळ घातली. तेवढ्यात आई शेतावरून आली, मला बघितलं आणि किंचाळली. पाण्यातून काढलेला माणूस असतो तसा मी दिसत होतो म्हणे. शेजारचे दोघं धावत आले. बाबा कारखान्यातली पाळी संपवून आले होते, ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "कॉलेजला जा रं बाबा परत. काय लागंल ते मी देतो."

२२ जानेवारी

जमलं. नीळ सुईच्या टोकाएवढी. ती पण रंगात नाही, आधी खोबरेलात घोटायची, हळदीवर हलका हात फिरवायचा, मग वरून रंग. मला दुपारभर उन्हात गवताच्या उडवीपाशी उभं केलं. घाम आला, रंग आला नाही. हळद आतच राहिली.

चाचाने चष्मा लावून माझी हनुवटी वर केली, उजेडाला धरली. बराच वेळ बघून म्हणाला, "ही माझी आयडिया."

"तुमचीच," हिरूताई म्हणाली आणि हसली. ती हसते तेव्हा लहानपणच्या हिरूताईसारखी दिसते.

मग दराचं बोलणं झालं. चाचा म्हणाला, "नवरी म्हंजे एक तोंड नाय. मान, पाठ, हात, पाय. सकाळी करायचं ते पाठवनीपर्यंत टिकायला पायजे. त्यात सगळ्या बाया डोक्यावर उभ्या. पाऊणशे सांग. कमी करू नको. कमी केलंस तर तुज्या भावासारखं व्हईल."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२७ जानेवारी

पौष परवा संपला.

आज गोमाकाका सकाळीच आले. मला वाटलं, माझ्याबद्दल काही. मी शर्ट बदलला. ते आईला म्हणाले, मैनाची तारीख धरली, आठ फेब्रुवारी. मुलगा साजगावला कारखान्यात फिटर आहे. "आनि मेकअप हिरूच करनार, पोरगी हटूनच बसलीय. तिची आत्या म्हनाली, हिरूचा हात कशाला? तर कार्टी म्हनते कशी, मंग मी तोंड न धुताच बोहल्यावर बसते."

मी चहा दिला. कप सांडला नाही.

ते गेल्यावर मी हिरूताईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आख्ख्या गावाला म्हाइत व्हतं. सुपारी नाटकाच्या आदी फुटली. तू तालमीत व्हतास."

"मग ती रोज आपल्याकडे कशाला यायची?"

हिरूताईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला वाटलं तुला कळलं असंल, नामा. तुज्याच तोंडावर चाललं व्हतं सगळं."

मी गवताची उडवी लाथेने पाडली. मग संध्याकाळी बाबांनी आणि मी परत रचली.

३ फेब्रुवारी

सहा दिवस काही लिहिलं नाही. जेवलो, ते पण आई ओरडली म्हणून.

विचार करून ठरवलं. मी वाईट वागणार नाही. नागूने विहिरीवर सुचवलं, मांडवात जाऊन बोल. मी म्हणालो, तसला मी नाही. माझ्याकडून तिला एक भेट द्यायची आणि तिला ती कधी कळू पण नये. हिरूताईला म्हणालो, "मैनाच्या मेकअपचे पैसे घेऊ नकोस."

"का?"

"माझ्याकडून."

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. "तुज्याकडून? तुला येतो का मेकअप?"

"तसं नाही गं. म्हणजे भेट—"

"प्रेम तुजं, हात माजे. वा रं वा, नामा!" मग ती आवाज न चढवता बोलली, ते जास्त लागलं. "फुकट गेले तर मी कोन? टाकलेली हिरू. बोलावलं, उपकार झाले, परसातनं आत घेतलं. पैसं घेऊन गेले तर मेकअपवाली. पुढच्या दारानं जाईन. तुला भेट द्यायची तर तुजं काय असंल ते दे."

माझं काय आहे? मी शोधलं. फीचे पैसे सरदारात गेले. घड्याळ बाबांचं आहे.

मी म्हणालो, तुझी पेटी मी उचलणार नाही, बघून घे.

ती म्हणाली, "नको उचलूस."

९ फेब्रुवारी

काल लग्न झालं. पेटी मी उचलली.

ती पेटी म्हणजे बाबांची जुनी पत्र्याची ट्रंक. रंग, आरसा, दोन चादरी, पाण्याची बरणी. एक आळी ओलांडायची, पण ताई साडी नेसली होती, नवीन. दारात गोमाकाकांची बहीण म्हणाली, "हिरू, मागनं ये गं, पुढं पावनं बसलेत." हिरूताईने माझ्याकडे बघितलं. मी ट्रंक पुढच्या पायरीवर आपटली. पाव्हणे उठून बाजूला झाले. आम्ही पुढूनच गेलो.

पुरुषांना आत बंदी. मी दाराबाहेर ट्रंकेवर बसलो. आतून हात यायचा, मी वस्तू द्यायचो. खोबरेल. नीळ. दुसरा ब्रश. एकदा हात आला तो मैनाचा होता, हिरव्या बांगड्या भरलेला. तिला आरसा हवा होता. मी दिला.

ती बाहेर आली तेव्हा सगळ्या बाया गप्प झाल्या. नंतर एकदम बोलायला लागल्या. मला जास्त वर्णन करता येणार नाही. महिनाभर माझ्या तोंडावर बसला तोच रंग होता, पण तिथे तो रंग वाटतच नव्हता. ऊन होतं. अक्षता झाल्या, पंगती उठल्या, हळद वर आली नाही. आत्याने दोनदा जवळ जाऊन बघितलं.

पाठवणीच्या आधी हिरूताई ट्रंक भरत होती. गोमाकाका आले, हातात खण-नारळ. "हिरू, लई ग्वाड केलंस गं पोरी. आपल्याच गावातली लेक तू, तुला पैसं काय द्यायचं? हे घे, वटी भरू तुजी."

हिरूताईने ट्रंकेचं झाकण धरलं होतं. चार बायका बघत होत्या. ओटी भरायची म्हटल्यावर नको तरी कसं म्हणणार? दोन वर्षांत कोणी भरली नव्हती.

फुकट करायचं माझ्याच मनात होतं. आणि आता ते आपोआप होत होतं.

माझं डोकं फिरलं. "काका, ओटी तिची भरा, ती वेगळी. मेकअपचे पाऊणशे ठरलेत."

"अरं, घरातल्या घरात—"

"घरातला म्हणून तुमचा फिटर जावई पगार सोडतो का? पाऊणशे. आणि पेटी वाहायचे दोन रुपये."

"पेटी तर तूच आनलीस की रं!"

"मग? मला मान नाही?"

कोणीतरी हसलं. गोमाकाका लाल झाले. तेवढ्यात मागून मैना बोलली. ती मुंडावळ्या सावरत उभी होती, कधी आली कळलं नाही. "बाबा, द्या. मीच कबूल केलेत." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर हाय, नामादादा."

दादा.

काकांनी खिशातून नोटा काढल्या, मोजल्या. हिरूताईने त्या डोळ्यांना लावल्या आणि पोलक्यात ठेवल्या. मग खण-नारळ पण घेतला. काकूंनी ओटी भरली. त्याच आत्याने पुढे होऊन कुंकू लावलं.

घरी आल्यावर ताईने दोन रुपयांची नोट माझ्यापुढे ठेवली. "ही तुजी."

११ फेब्रुवारी

हाळला जाऊन आलो. चाचा अंगणात दाढी करत होता, आरसा झाडाला टांगून. मी नोट त्याच्यापुढे धरली.

"कसली?"

"नाटकाच्या दिवशी फाट्यावरून पेटी आणलीत. त्याची."

"जाताना पन मीच नेली," तो म्हणाला. नोट घेतली मात्र. टोपीत खोचली. गालाचा फेस पुसून मला बसायला चौरंग दिला.

"नवरी कशी दिसली?"

"चांगली."

"हळद?"

"नाही आली वर."

"पाठवनीला रडली?"

"पुष्कळ. आईच्या गळ्यात, मग हिरूताईच्या."

"काजळ उतरलं का?"

"नाही. जसंच्या तसं होतं."

चाचाने मान डोलावली. "मंग शिकली पोरगी." वस्तरा परत गालाला लावला आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिला. "आनि तू?"

मी म्हणालो, माझ्या तोंडाला त्या दिवशी काहीच लावलेलं नव्हतं.

तो हसला नाही. त्याने चहा मागवला. निघताना एक अर्धी डबी सफेदा दिली, हिरूताईला दे म्हणाला, पैसे नकोत. मी म्हणालो, फुकट ती घेणार नाही. मग त्याने भाव सांगितला, मी थोडी घासाघीस करायला गेलो आणि थांबलो.

सोमवारी वडवळला एक नवरी आहे. तिथे एस.टी. जात नाही, ट्रंक डोक्यावरून न्यावी लागेल.